विश्लेषण : ५० वर्षे अंथरुणातून काम करणाऱ्या नाइटिंगेल यांना नेमके काय झाले होते? अंगदुखीवर विश्रांती की व्यायाम?

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. आरमोरीपासून भामरागडपर्यंत प्रत्येक दवाखान्यात त्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या लावल्या जातात. याच तारखेला जगभर आणखी एक दिवस पाळला जातो, तो फायब्रोमायल्जिया या आजाराच्या जनजागृतीचा. तोही नाइटिंगेल यांच्याच जन्मतारखेवरून ठरला. दिवा घेऊन फिरणारी ही बाई आयुष्यातली पुढची पाच दशके स्वतःच रुग्ण होती, हे हार घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे १२ मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचे, कमरेत वाकून पाने तोडायची, दुपारी घरी बसून पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायची. पुढे पावसाळ्यात धानाची रोवणी. या दिवसांत अंग दुखत नाही अशी बाई वैनगंगेच्या दोन्ही काठांवर सापडायची नाही. त्यातल्या बहुतेकींचे दुखणे हंगाम संपला की ओसरते. काहींचे मात्र ओसरत नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढला, सगळे नॉर्मल. मग घरचे म्हणतात हिला काही झाले नाही, आणि डॉक्टर ताकदीच्या गोळ्या लिहून देतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, पण सुरुवात लंडनपासून करावी लागेल.

श्रीमंत घरातली मुलगी

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. गावाचे नाव मुलीला दिले. थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली होती, तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. घर इंग्लंडमधले मोठे जमीनदार. वडिलांनी मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास, गणित घरीच शिकवले. त्या काळात मुलींना इतके शिकवणारा बाप विरळाच होता, पण शिकून मुलीने काही काम करावे अशी मात्र कुणाचीच अपेक्षा नव्हती.

सोळाव्या वर्षी देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले, अशी नाइटिंगेल यांची खात्री झाली. परिचारिका व्हायचे म्हटल्यावर घरात रडारड झाली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयातले काम गरीब, दारूच्या आहारी गेलेल्या बायकांचे समजले जाई. एका चांगल्या स्थळाला त्यांनी अनेक वर्षांच्या विचारानंतर १८४९ मध्ये नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसर्सवर्थ येथे तीन महिने राहून त्या प्रत्यक्ष काम शिकल्या, आणि १८५३ मध्ये लंडनमधल्या एका छोट्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. तेव्हा वय ३३.

पुढच्या वर्षी क्रिमियाचे युद्ध सुरू होते. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट त्यांचे स्नेही. त्यांच्या सांगण्यावरून ३८ परिचारिका घेऊन नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथे पोहोचल्या. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो ते इथले: दिवा, रात्रीची फेरी, जखमी सैनिक. पुस्तकात न येणारा भाग असा की, सैनिक जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि विषमज्वराने मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारचे स्वच्छता पथक आले, रुग्णालयाखालची तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनवर आले. नाइटिंगेल यांनी पुढे आयुष्यभर गटार आणि पाणी हाच ध्यास घेतला, तो या आकड्यांमुळे.

एक ताप, आणि नंतरची दुखणी

मे १८५५ मध्ये त्या क्रिमियातल्या बालाक्लाव्हा येथे पाहणीला गेल्या आणि तापाने फणफणल्या. जवळपास दोन आठवडे जगतात की नाही अशी स्थिती होती. डोक्यावरचे केस कापावे लागले. सैनिक त्याला क्रिमियन ताप म्हणत. ताप उतरला, त्या पुन्हा कामाला लागल्या, आणि ऑगस्ट १८५६ मध्ये खोट्या नावाने प्रवास करत, सत्कार टाळत घरी परतल्या.

बरोबर वर्षभराने, ऑगस्ट १८५७ मध्ये, त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नाचा वीट, झोप नाही, कमालीचा थकवा. आता आपण फार जगत नाही असे समजून त्यांनी मृत्युपत्राची तयारी केली. त्यानंतर त्या ५३ वर्षे जगल्या!

सर्वांत वाईट काळ १८६१ च्या डिसेंबरपासून सुरू झाला. काही महिन्यांपूर्वीच सिडनी हर्बर्ट वारले होते. पाठीच्या कण्यात अशा कळा येऊ लागल्या की चालणे बंद झाले. पुढची काही वर्षे त्यांना एका खोलीतून दुसरीकडे न्यायचे तर उचलून न्यावे लागे. वेदना असह्य झाल्यावर डॉक्टर त्वचेखाली अफूचे इंजेक्शन देत. तेव्हा ते नवेच निघालेले तंत्र होते. त्याने थोडा वेळ आराम पडे.

डॉक्टरांचा मुख्य सल्ला मात्र एकच होता: पडून राहा. हालचाल केली, माणसांना भेटलात, काम केलेत तर मराल. त्यातला पडून राहण्याचा भाग त्यांनी पाळला, काम न करण्याचा पाळला नाही. भेटायला एका वेळी एकच माणूस, तोही आधी वेळ ठरवून. बाकी सगळे कागदावर. सोबतीला मांजरे. आयुष्यभरात त्यांनी पन्नासावर मांजरे पाळली, आणि त्यांच्या काही कागदांवर आजही शाईत बुडालेल्या पंजांचे ठसे आहेत, असे सांगतात.

या अंथरुणावरून काय काय झाले ते पाहिले तर निरोगी माणसालाही लाज वाटावी. सैन्यातल्या मृत्यूंचे आकडे गोल तक्त्यांत मांडून त्यांनी मंत्र्यांना पटवले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सभासद करून घेतले, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. परिचर्येवरचे त्यांचे छोटे पुस्तक आले. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. आज आपल्या जिल्ह्यातल्या मुली जीएनएम करायला नागपूरला जातात, त्या शिक्षणाचे मूळ तिथे आहे.

भारत कधीच पाहिला नाही, तरी

१८५९ मध्ये भारतातल्या इंग्रज फौजेच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेल त्याच्या सदस्य नव्हत्या, पण छावण्यांना पाठवलेली प्रश्नावली तयार करण्यात त्यांचा हात होता, आणि आलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्यांनी त्यांचे घर भरून गेले. १८६३ चा अहवाल दोन हजारांहून अधिक पानांचा होता. दर हजार सैनिकांत वर्षाला ६९ मरत होते. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले.

फौजेपासून सुरू झालेला विषय हळूहळू रयतेपर्यंत गेला. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज, गावातली घाण, बायकांसाठी डॉक्टरणी यांवर त्या लिहीत राहिल्या. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रियर त्यांच्या मदतीला होते. मुंबई इलाख्यात गावांच्या स्वच्छतेचा कायदा १८८९ मध्ये झाला, त्याच्या मसुद्यावर त्यांनी लक्ष ठेवले होते. पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. हे सगळे अंथरुणावरून किंवा कोचावरून, आणि भारतात एकदाही पाऊल न टाकता.

मग आजार कोणता होता?

त्या हयात असतानाच कुजबुज सुरू झाली होती की आजार खरा नाही, नको ती माणसे टाळण्याचे ते साधन आहे. विसाव्या शतकातही एका चरित्रकाराने जवळपास तसेच मांडले. त्यात तथ्याचा अंश असेलही. आजारपणाचा त्यांनी उपयोग करून घेतला हे नाकारता येत नाही. पण उपयोग केला म्हणजे वेदना खोटी ठरत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून सुनेला नाटकी ठरवणाऱ्या घरांनी हा फरक समजून घ्यायला हवा.

१९९५ मध्ये डेव्हिड यंग या अभ्यासकाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सगळी लक्षणे मांडून दाखवले की ती जुनाट ब्रुसेलोसिसशी जुळतात. हा जनावरांकडून, विशेषतः कच्च्या दुधातून माणसात येणारा जंतुसंसर्ग. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांना माल्टामध्ये १८८७ साली सापडला, म्हणजे नाइटिंगेल यांना ताप आला त्यानंतर ३२ वर्षांनी. ब्रुसेलोसिस मणक्यात शिरतो, कळा येतात, ताप येतो-जातो, माणूस खचतो. हे निदान आज सर्वांत पटण्यासारखे वाटते. (शेळीचे दूध न उकळता पिणाऱ्यांनी इथे थोडे थांबून विचार करावा.)

म्हणजे नाइटिंगेल यांना फायब्रोमायल्जिया होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही १९९० च्या दशकात रुग्णांनी त्यांची जन्मतारीख निवडली, कारण चित्र ओळखीचे होते: एक ताप किंवा मोठा धक्का, त्यानंतर वर्षानुवर्षे न संपणारे दुखणे, थकवा, उडालेली झोप, आणि कुणाचा न बसणारा विश्वास. चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेले लोक आपण विदर्भात पाहिले आहेत. हे चित्र आपल्यालाही परके नाही.

फायब्रोमायल्जिया म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणे, सकाळी उठल्यावर झोप झालीच नाही असे वाटणे, थकवा, विसरभोळेपणा. सांध्याला सूज नसते, हाड झिजलेले नसते. बिघाड वेदनेच्या यंत्रणेत असतो. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा, तसे मेंदू आणि मज्जारज्जू साध्या स्पर्शाला, दाबालाही दुखणे म्हणून ऐकतात. बायकांमध्ये निदान जास्त होते, पण पुरुषांनाही होतो.

नाव नवे आहे. १९०४ मध्ये विल्यम गॉवर्स या लंडनच्या डॉक्टरांनी अशा दुखण्याला फायब्रोसायटिस म्हटले, तेव्हा त्याच शहरात नाइटिंगेल ८४ वर्षांच्या होत्या. फायब्रोमायल्जिया हा शब्द १९७६ मध्ये आला. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी शरीरावरच्या १८ ठरावीक जागांपैकी ११ दुखऱ्या असाव्यात अशी कसोटी ठरवली, २०१० मध्ये ती बदलून लक्षणांवर भर दिला. आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची मोठी पाहणी झाली. त्यात स्नायू आणि आजूबाजूच्या मऊ भागांची दुखणी ही आमवातापेक्षा कितीतरी जास्त आढळली. आमवात गाजतो, हे दुखणे गप्प सोसले जाते.

तेव्हाचा सल्ला, आजचा सल्ला

इथे गोष्ट उलटते. नाइटिंगेल यांना सांगितले होते हलू नका. आज युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशींत ज्या एकाच उपचाराला ठाम पाठिंबा आहे तो व्यायाम आहे, औषध नव्हे. मणक्यात जंतू शिरलेल्या माणसाला विश्रांती चुकीची नव्हती. फायब्रोमायल्जियात मात्र पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात, मग थोडे काम केले तरी जास्त दुखते, मग माणूस आणखी पडून राहतो.

२०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दम वाढवणाऱ्या व्यायामाचे, म्हणजे चालणे, सायकल अशांचे, १३ अभ्यास एकत्र तपासले गेले. सुमारे ८०० रुग्ण होते. जगण्याची गुणवत्ता सुधारते हे बऱ्यापैकी खात्रीने दिसले, वेदना थोडी कमी होते असेही दिसले. चमत्कार नाही. पण गोळ्यांनीही याहून फार मोठा फरक पडत नाही, आणि चालायला पैसे लागत नाहीत.

आता खरा प्रश्न, जो आमच्या भागातली प्रत्येक बाई विचारेल: दिवसभर बांधीत राबते, अजून कसला व्यायाम? प्रश्न रास्त आहे. पण रोवणी आणि व्यायाम यांत फरक आहे. रोवणीत तासन्‌तास एकच वाकलेली स्थिती, तेच स्नायू, वेग दुसऱ्यांनी ठरवलेला. तेंदूपत्त्यात मजुरी शेकडा पुडक्यांवर, म्हणजे थांबलात तर पैसे कमी. व्यायामात वेग तुमचा, थांबणे तुमच्या हातात, आणि जे स्नायू कामात वापरलेच जात नाहीत तेही हलतात. वाकून काम करणारीला मागे ताणण्याचा, खांदे फिरवण्याचा, ताठ चालण्याचा व्यायाम हवा. हंगामात तोही जमणार नसेल तर दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबर मागे करणे एवढे तरी व्हावे. मुकादमाला चालेल का, हा प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकात नसतो.

सुरुवात अगदी कमी ठेवावी. दहा मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, आठवड्यातून दोन-तीनदा. दर आठवड्याला थोडी वाढ. पहिले काही दिवस दुखणे वाढते, आणि इथेच बहुतेक जण सोडतात. वाढले तर वेळ निम्मा करावा, बंद करू नये. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात. बरे वाटले म्हणून एका दिवशी सगळी कामे उरकायची आणि पुढचे चार दिवस आडवे पडायचे, हेही टाळावे.

थरथरणारी मशीन घ्यावी का?

तुमच्या मोबाइलवर अंगदुखी हा शब्द एकदा शोधला की जाहिराती सुरू होतात: उभे राहा, बटण दाबा, दुखणे गायब. कंपनाने उपचार ही कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या गुस्ताफ झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोमला यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली, त्यात शरीराला हादरे देणारी यंत्रेही होती. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या लक्षात आले की कंपवाताचे रुग्ण रेल्वेच्या लांब प्रवासानंतर बरे वाटते म्हणतात. त्यांनी हलणारी खुर्चीच बनवून घेतली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. शार्को आपल्या रस्त्यावरच्या एसटीत बसले असते तर खुर्चीचा खर्च वाचला असता.

आजचे यंत्र म्हणजे एक चौथरा. तो सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा थरथरतो. गुडघे थोडे वाकवून त्यावर उभे राहिले की स्नायू आपोआप भराभर आकसतात-सैलावतात, म्हणजे फार हालचाल न करता स्नायूंना काम मिळते. ज्यांना हलणेच अवघड, त्यांच्यासाठी कल्पना आकर्षक आहे. पण पुरावा? २०१७ मध्येच झालेल्या दुसऱ्या कॉक्रेन आढाव्यात फायब्रोमायल्जियासाठी असे चारच अभ्यास सापडले, एकूण १५० रुग्ण, सगळ्या मध्यमवयीन स्त्रिया, सगळे एकाच देशातले. निष्कर्ष: उपयोग होतो असेही म्हणता येत नाही, होत नाही असेही नाही. अपायाची नोंदही अपुरी.

हातात धरायचे मसाज मशीन ही वेगळी वस्तू, तिचा या अभ्यासांशी संबंध नाही. आणि सगळे कंपन चांगलेही नसते. रोज तासन्‌तास ट्रॅक्टर किंवा जड वाहन चालवणाऱ्यांची कंबर त्या हादऱ्यांनीच दुखावते. गरोदर स्त्रिया, पेसमेकर बसवलेले, नुकतेच हाड मोडलेले किंवा पायात रक्ताची गुठळी झालेले यांनी चौथऱ्यावर उभे राहू नये. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, व्यायामाला जोड म्हणून मिळाले तर हरकत नाही. कर्ज काढून विकत घेण्यासारखी ही वस्तू नाही, असे माझे स्पष्ट मत.

एक गोष्ट मात्र आधी. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, सांधा सुजत असेल, हातापायांतली ताकद जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर तो फायब्रोमायल्जिया समजून चालत बसू नये. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. नाइटिंगेल यांच्यासारखा मणक्यातला जंतू आज प्रतिजैविकांनी बरा होतो.

शेवटची वर्षे

त्यांच्या पाठीच्या कळा वयाच्या साठीच्या आसपास हळूहळू कमी झाल्या, का ते कुणालाच कळले नाही. १८८२ मध्ये त्या आपल्या नावाची शाळा पाहायला गेल्या. शाळा सुरू होऊन तोवर वीसहून अधिक वर्षे उलटली होती. अंगाने भरल्या, स्वभाव निवळला, तरुण परिचारिकांना चहाला बोलावू लागल्या. मग दृष्टी गेली. १९०७ मध्ये राजाने ऑर्डर ऑफ मेरिट दिला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, पण तोवर त्यांना समजणे कमी झाले होते. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनच्या घरी झोपेतच त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली, नातेवाइकांनी नाही म्हटले. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात आई-वडिलांशेजारी त्यांना पुरले. दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नाव नाही. दोन आद्याक्षरे आहेत, आणि जन्म-मृत्यूची दोन साले.